अणुयुद्धाचे भावी चित्र: ग्रंथ, गृहीतके आणि मर्यादा

इतिहासग्रंथ घडलेल्या घटनांचा असतो. अणुयुद्धाचा ग्रंथ मात्र न घडलेल्या घटनेचा असूनही स्वतःस वस्तुनिष्ठ म्हणवितो. त्याच्या हाती प्रत्यक्ष पुरावा दोनच नगरांचा, १९४५ मधील हिरोशिमा व नागासाकी यांचा आहे. उरलेली सारी मांडणी अनुमानाची होय. म्हणून अशा ग्रंथाचे मोल ठरविताना त्यात मोजलेले काय, गृहीत धरलेले काय आणि दृष्टीआड राहिलेले काय, हे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

भारतात या विषयाचा पाया १९५६ साली केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने काढलेल्या 'न्यूक्लिअर एक्सप्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स' या ग्रंथाने घातला. दौलतसिंग कोठारी यांनी तो होमी भाभा व मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या साहाय्याने सिद्ध केला. प्रस्तावना पंडित नेहरूंची होती. त्याचा भर स्फोटाच्या परिणामांवर होता. युद्धाचा क्रम रेखाटणे हा त्याचा हेतू नव्हता. हर्मन कान यांनी १९६० च्या 'ऑन थर्मोन्यूक्लिअर वॉर' मध्ये तो क्रम रेखाटला. हानीच्या निरनिराळ्या पायऱ्या कल्पून युद्धोत्तर पुनरुत्थान शक्य आहे काय, याची त्यांनी चर्चा केली, आणि त्या थंडपणाबद्दल टीकाही ओढवून घेतली.

महाराष्ट्रापुरते पाहता एम. व्ही. रमण यांचा १९९९ चा 'बॉम्बिंग बॉम्बे?' हा अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईवर १५ किलोटनांचा एकच बाँब पडल्यास अल्पावधीत १ लक्ष ६० हजार ते ८ लक्ष ६६ हजार मृत्यू संभवतात, असे अनुमान त्यात आहे. ही पाचपटींहून अधिक तफावत दोष नव्हे. वस्तीची घनता किती धरावी आणि जीवितहानी मोजण्याची कोणती रीत स्वीकारावी, यांवर उत्तर अवलंबून असते. लेखकाने ती अनिश्चितता उघड ठेवली आहे. याउलट अ‍ॅनी जेकबसन यांच्या 'न्यूक्लिअर वॉर: अ सिनॅरिओ' (२०२४) मध्ये मिनिटामिनिटाचा घटनाक्रम आहे. असे कथन वाचकास निर्णयासाठी मिळणाऱ्या अल्प वेळेची जाणीव तीव्रतेने देते. परंतु अनेक शक्यतांपैकी एकच तेथे दिसते, हे विसरता कामा नये.

या बहुतेक ग्रंथांचे रंगस्थान महानगर वा राजधानी असते. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारखे कोरडवाहू, सोयाबीन व तूर पिकविणारे गाव त्यांच्या नकाशावर नसते. तथापि १९८३ पासून पुढे आलेल्या 'अण्विक हिवाळ्या'च्या संशोधनाने हा नकाशा पालटला. जळत्या नगरांची काजळी उच्च वातावरणात गेली, तर तेथे पावसाने धुतली न जाता ती वर्षानुवर्षे सूर्यप्रकाश अडवील, असा त्याचा आशय आहे. २००७ मध्ये अ‍ॅलन रोबॉक व सहकाऱ्यांनी १०० लहान बाँबांचे भारत-पाक युद्ध व ५० लक्ष टन काजळी गृहीत धरली, तेव्हा जागतिक तापमान सुमारे सव्वा अंशाने घटेल आणि आशियाई मोसमी पाऊस लक्षणीय प्रमाणात कमी होईल, असे गणित निघाले. २०२२ च्या एका अभ्यासानुसार भारत-पाक युद्धातून ओढवणाऱ्या उपासमारीने दोन अब्जांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडू शकतात. म्हणजेच ज्या शिवारावर बाँब पडणार नाही, तेथेही पेरणी वाया जाऊ शकते.

येथे याच जिल्ह्याचा अनुभव बोलका आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसन शक्य झाले, कारण बाहेरील जग शाबूत होते आणि तेथून मदत येऊ शकली. अणुयुद्धात हे 'बाहेर'च उरेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. या विषयावरील कोणत्याही ग्रंथाची अखेरची कसोटी हीच मानावी लागेल: स्फोटाच्या वर्तुळाबाहेरील माणसाच्या अन्नाचा हिशेब त्याने मांडला आहे काय?