'छान झालंय' म्हणजे किती छान?

कर्करोगामुळे स्तन काढावा लागला आणि इम्प्लांट बसवून किंवा पोटावरची त्वचा-चरबी घेऊन नवा घडवला, की प्रश्न येतोच: दिसतो कसा?

गैरसमज: अनुभवी सर्जनला फोटो पाहताच कळतं.
कळतं, पण प्रत्येकाला वेगळं. अमेरिकेत १९७९ मध्ये जे हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 'उत्तम, चांगला, बरा, वाईट' अशा चार पायऱ्या सुचवल्या. ती मोजपट्टी खरं तर स्तन वाचवून केलेल्या उपचारांसाठी होती. वापरायला सोपी, म्हणून सगळीकडे पसरली. पण 'चांगला' कुठे संपतो आणि 'बरा' कुठे सुरू होतो, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. महिन्याभरानं तोच फोटो त्याच डॉक्टरांपुढे ठेवला तर शेरा बदलूही शकतो.

गैरसमज: दोन परीक्षकांचं ७० टक्के जुळलं, म्हणजे मोजमाप भरवशाचं.
इथेच बरेच जण फसतात. दोन डॉक्टर, शंभर फोटो. दोघांनाही शंभरातल्या ऐंशींना 'चांगला' आणि विसांना 'वाईट' म्हणायची सवय. दोघांनी डोळे मिटून शेरे मारले, तरी सरासरी ६४ फोटोंवर 'चांगला' आणि ४ फोटोंवर 'वाईट' जुळणारच. म्हणजे ६८ टक्के एकमत निव्वळ योगायोगाचं! ७० मध्ये कमाई दोनाचीच. हा योगायोग वजा करणारा 'कप्पा' हा आकडा जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडला. वरच्या उदाहरणात तो जेमतेम ०.०६ येतो, पूर्ण एकमत असेल तर १.

गैरसमज: मग टेप लावा, वाद मिटेल.
गळ्याखालच्या खळीपासून स्तनाग्रापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजतात. पण पुनर्रचनेत कित्येकदा स्तनाग्रच नसतं. टेपचं दुसरं टोक टेकवायचं कुठे? पोर्तुगालमध्ये तयार झालेलं 'बीसीसीटी डॉट कोअर' सॉफ्टवेअर फोटोवरून समतोल, रंग आणि व्रण पाहतं. तेही स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेसाठीच, आणि शिकलं तज्ज्ञांच्या शेऱ्यांवरूनच. गुरू माणसंच.

गैरसमज: रुग्णाचं मत भावनिक, ते शास्त्रात धरत नाहीत.
धरतात, आणि काटेकोरपणे. २००९ मध्ये अँड्रिया पुसिक आणि सहकाऱ्यांनी 'ब्रेस्ट-क्यू' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. गुण ० ते १००. आरशात कपड्यांसह कशा दिसता आणि कपड्यांशिवाय कशा, हे ती वेगवेगळं विचारते. ब्लाउज नीट बसल्याचं समाधान आणि न्हाणीघरातल्या आरशापुढचं समाधान, दोन्ही एका शेऱ्यात कोंबत नाही. शस्त्रक्रियेआधी भरायची प्रतही असते, ती मात्र आधीच भरून घ्यावी लागते.