रोपांसाठी माती कुठली?

पावसाळ्याआधी पालघरच्या पाड्यांवर भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा, फांद्या रचून राब भाजतात. त्या आचेने तणाचे बी आणि काही रोगजंतू मरतात. बोईसरच्या गॅलरीत मिरची, पालक पेरणारेही माती उन्हात तापवून निश्चिंत होतात. जंतूंपुरते ते ठीक. पण शिसे, कॅडमियमसारखे धातू ना उन्हाने जातात, ना आगीने.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये तारापूरची गणना अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. म्हणून कारखान्यांलगतच्या नाल्याकाठची, रस्त्याकडेची किंवा भरावाची माती कुंडीत नको. पालेभाज्या कॅडमियम शोषून घेतात, शिसे असलेली धूळ पानांना चिकटते. मातीत खेळणाऱ्या लहान मुलांच्या पोटात ती हातांवाटे जाते आणि शिशाचा मोठा फटका त्यांच्या वाढत्या मेंदूला बसतो.

पेरणीसाठी भिजवलेले कोकोपीट आणि चाळलेले गांडूळखत समप्रमाणात मिसळले तरी पुरते. खताची पिशवी उघडताना नाकातोंडावर रुमाल बांधावा, खतावर आधी पाणी शिंपडावे. त्यातील बुरशीयुक्त धुळीने दमा बळावतो. काम आटोपल्यावर हात साबणाने धुवावेत. गेल्या १० वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल, तर तीही घ्यावी.