रानातला फेक कॉल

अननोन नंबरवरून फोन येतो, पलीकडचा आवाज एकदम ओळखीचा वाटतो आणि आपण फसतो. झालंय ना असं? जंगलात हा फ्रॉड फार जुना आहे. तिथे फसतं ते हरीण, आणि अकाउंटमधून जातो तो त्याचा जीव!

अमेरिकेत नोव्हेंबर उजाडला की पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर माजावर येतात. शिकारी झाडावर मचाण बांधून बसतो. त्याच्या गळ्यात असते ‘ग्रंट ट्यूब’. या नळीत फुंकलं की आतली पातळ पत्ती थरथरते आणि नराच्या घशातून येतो तसा घोगरा आवाज निघतो. खऱ्या नराला वाटतं, आपल्या एरियात हा कोण नवीन? तो जाब विचारायला येतो. दुसरं साधन म्हणजे एक छोटी डबी. ती उलटी करून सरळ केली की मादीसारखी ओरडते. काही जण शिंगांची जोडी एकमेकांवर आपटतात. दोघांची मारामारी लागलीये असं समजून तिसरा बघायला येतो. कॉलेजच्या गेटवर राडा झाला की आपणही धावतोच की!

जर्मनीत तर साधन झाडावरच उगवतं. जुलैअखेरीस तिथले शिकारी बीचच्या झाडाचं पान ओठांशी धरून फुंकतात आणि रो जातीच्या हरणाचा नर मादी समजून येतो. लहानपणी पिंपळाच्या पानाची पिपाणी वाजवली असेल, तर तुम्हाला हे लगेच कळेल. कॅनडातले आदिवासी शिकारी बर्चच्या सालीच्या कर्ण्यातून मूसच्या मादीची हाक काढत आले आहेत.

अर्थात हरीण काही येडं नसतं. आवाज ऐकला तरी ते सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातं आणि आधी वास घेतं. उगाच सारखं वाजवत बसलात तर फिरकतही नाही. पण पाडसाचा घाबरलेला आवाज काढला, तर हरिणी धावत येऊ शकते. आई आहे ना ती.

‘आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, मग आपला काय संबंध?’ मलाही असंच वाटायचं. गेल्या जूनमध्ये आम्ही पाच जण नवरंग पक्षी बघायला गेलो. तासभर काहीच दिसेना. शेवटी मी मोबाइलवर त्याची शीळ लावली, आणि दोन मिनिटांत तो समोरच्या फांदीवर हजर! आम्ही खूश. फोटो काढून झाले तरी शीळ वाजतच होती. तो या फांदीवरून त्या फांदीवर, नसलेल्या शत्रूला शोधत होता. पाऊस सुरू झालेला, म्हणजे त्याचा विणीचा हंगाम. घरटं बांधायच्या, पिल्लं भरवायच्या दिवसांत मी त्याला खोट्या भांडणात अडकवलं होतं. माझा फोन आणि ती ग्रंट ट्यूब यांत फरक काय?

गंमत बघा. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला रेकॉर्ड केलेले आवाज वापरायला सहसा बंदी आहे. तिथे बंदूकवाल्याला जे चालत नाही, ते आपण कॅमेरा घेऊन बिनधास्त करतो. आणि आपला कायदाही नीट वाचा. त्यातल्या ‘शिकार’ शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणंही येतं.

अभ्यासकही कॉल वाजवतात. तब्बल ११३ वर्षांनी, १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याच्या पाहण्यांत हे तंत्र वापरलं गेलं. पण ते मोजणीसाठी होतं, लाइक्ससाठी नाही.

म्हणून पुढच्या ट्रेलला एवढंच करा. स्पीकर घरी ठेवा. एका जागी अर्धा तास गप्प बसा. ग्रुपमधल्या कुणी कॉल लावलाच, तर हक्काने म्हणा, ‘भावा, बंद कर.’ पक्षी दिसला तर मस्त. नाही दिसला, तर समजा आज तो कामात आहे. कॉल उचलायचा की नाही, हे त्यालाच ठरवू द्या.