आधी व्हीसीआर, मग डबी

माळ्यावरून काढलेली लग्नाची कॅसेट उजेडात धरा आणि झरोक्यातून आत पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट ठिपके किंवा तंतू दिसले, तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट तशीच लावली की हेड भरतं आणि पुढच्या धडधाकट कॅसेटलाही प्रसाद मिळतो.

जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्या की लोक आधी चित्र टिपणारी स्वस्त यूएसबी डबी मागवतात आणि शेजाऱ्याचा धूळ खात पडलेला व्हीसीआर उसना आणतात. इथेच क्रम चुकतो. डबी समोर येईल ते टिपते. फीत वाचतो तो व्हीसीआर. त्याने चुकीचं वाचलं, तर महागडी डबीही चुकीचंच टिपणार.

हे यंत्र मोठं कसबी. जपानच्या जेव्हीसीने १९७६ साली या कॅसेटींची व्हीएचएस पद्धत बाजारात आणली. अर्धा इंच रुंदीची फीत सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. एवढ्या संथ फितीवर चित्र मावणं शक्य नाही, म्हणून हेडच फिरतं ठेवलं. ६२ मिलिमीटर व्यासाचा, किंचित तिरका ड्रम आपल्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं फितीवरच्या तिरप्या रेघा आळीपाळीने वाचतात. एक रेघ म्हणजे अर्धं चित्र; अशी सेकंदाला पन्नास.

फीत ताणली, रबरी रोलर कडक झाला, की या वाचनाचा ताल सुटतो. पडद्यावर दाराची सरळ चौकट लाटेसारखी हलते. जुना टीव्ही हे निभावून न्यायचा. साधी डबी मात्र गोंधळते, मधलीच चित्रं गाळते आणि अक्षता पुढे, मंगलाष्टकं मागे असा प्रकार होतो. यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, अर्थात टीबीसी. तो चित्राची प्रत्येक ओळ क्षणभर अडवून नेमक्या वेळी पुढे सोडतो. काही वरच्या श्रेणीच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. तसा मिळाला नाही, तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून बरंचसं काम भागतं. एस-व्हीएचएसच्या यंत्राचा आणखी एक फायदा: साधी कॅसेटही त्यावर चालते आणि एस-व्हिडिओच्या तारेतून रंग आणि उजेड वेगवेगळे बाहेर येतात. पिवळ्या पिनेच्या तारेत ते एकमेकांत मिसळतात.

छोट्या मिनीडीव्ही कॅसेटींना यातलं काहीच लागत नाही. त्यांच्यावरचं चित्र मुळातच डिजिटल. चालू कॅमेरा आणि फायरवायर जोडणी असलेला कॉम्प्युटर मिळाला की नक्कल जशीच्या तशी उतरते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली व्हीएचएस कॅसेट मात्र पाल नव्हे, तिकडच्या एनटीएससी पद्धतीची असणार. आपला व्हीसीआर ती वाचतो का, हे आधी पाहा.

व्हीसीआर बनवणारी बहुधा शेवटची कंपनी, जपानची फुनाई; तिनेही २०१६ साली ते बनवणं थांबवलं. आता मिळेल तो जुनाच. घेताना नको असलेली कॅसेट लावून पाहा. कडा चुरगळून बाहेर आली, तर तिथूनच परत फिरा. हेड पुसायचं तर साबराच्या कातड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटलंच म्हणून समजा.

चार-दोनच कॅसेटी असतील, तर हा पसारा मांडू नका. काम करून देणाऱ्याकडे द्या. पण भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: व्हीसीआर कोणता आणि टीबीसी आहे का? उत्तर देताना तो अडखळला, तर कॅसेट पिशवीत घालून घरी आणा. आणि काम झाल्यावरही ती टाकू नका. मूळ प्रत तीच आहे.