डोळे मिचकावणारा रिमोट

मॅच ऐन रंगात, आवाज वाढवायचाय आणि रिमोट ढिम्म! मग कुणी तो तळहातावर आपटतं, कुणी सेल जागच्या जागी गोल फिरवतं. गंमत म्हणजे कधीकधी तेवढ्यानं रिमोट खरंच चालू होतो! कसा? सेल जिथं टेकतात त्या पत्रीवर आणि स्प्रिंगवर गंजाचा बारीक थर साचतो. सेल फिरवला की तो खरवडला जातो आणि विजेची वाट मोकळी होते.

तरीही नाही चालला तर? नवा आणायची घाई नको. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा. रिमोटच्या टोकावरचा इवलासा दिवा त्याच्यासमोर धरा आणि कुठलंही बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला ना? आता थेट रिमोटकडे बघा. तिथं काहीच नाही!

हा आहे अवरक्त प्रकाश. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञानं 1800 साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्याही पलीकडं, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, थर्मामीटर ठेवला. पारा चढला! रिमोटच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 940 नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांची धाव 700 च्या आसपासच संपते, कॅमेऱ्याची मात्र पुढंही जाते. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला बहुधा हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून सेल्फी कॅमेरा बरा. हा दिवा सेकंदाला सुमारे 38 हजार वेळा उघडझाप करतो, म्हणून तर ऊन आणि ट्यूबलाइटच्या गर्दीतही टीव्ही त्याला ओळखतो.

ठिपका दिसला तर रिमोट ठणठणीत! टीव्हीच्या सेन्सरसमोर फुलदाणी तर नाही ना, बघा. ठिपका नाहीच? सेल उलटे बसलेत का, संपलेत का ते तपासा. पत्रीवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल, तर ती हातानं खरवडू नका. मोठ्यांकडून सेल काढून घ्या. इअरबडवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, नीट वाळू द्या, मग नवे सेल घाला. एकच बटण रुसलं असेल, तर त्याच्या रबराखाली बहुधा धूळ किंवा तेलकटपणा असतो.

ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटमध्ये मात्र ठिपका दिसेलच असं नाही.

आता एक प्रयोग. टीव्हीकडं पाठ करा, रिमोट समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रोखा आणि बटण दाबा. टीव्ही लागला? का लागला असेल, सांगा पाहू!