फाल्गुनातली पंगत

बालमित्रांनो, होळी जवळ आली की आपल्या वाशीम जिल्ह्यातलं शिवार कसं दिसतं, आठवून पाहा बरं! सोयाबीन दिवाळीच्या आसपासच घरी आलेलं असतं. तूरही निघालेली असते. रानात उरते ती तुऱ्हाटी, पऱ्हाटी आणि ऊन. पण अशा उजाड रानात मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कुठंही जा, एक झाड मात्र अंगावर एकही पान नसताना केशरी फुलांनी पेटल्यासारखं दिसतं. ओळखलंत ना? आपला पळस!

आपण पळसाची फुलं रंगासाठी गोळा करतो. पण पळस काही आपल्या रंगपंचमीसाठी फुलत नाही. त्यानं पंगत मांडलेली असते. पाहुणे कोण? शिंजीर, साळुंकी, बुलबुल, भुंगे, मधमाश्या, आणि हो, खारुताईसुद्धा!

पाहुणा जेवतो, यजमानाचं काम होतं

झाडाला पाय नसतात. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलापर्यंत पोहोचायचे कसे? गहू, ज्वारी यांचे पराग हलके, कोरडे असतात. तिथं वाऱ्यावर काम भागतं. पण पुष्कळ झाडांना टपालवाला लागतो. तो फुकट कसा येईल? म्हणून झाड फुलात गोड रस ठेवतं. पाहुणा रस प्यायला आला की त्याच्या अंगाला पराग चिकटतात आणि पुढच्या फुलात ते सांडतात. यालाच आपण शाळेत परागीभवन म्हणतो. ते झालं तर फळ आणि बी धरतं.

पळसाचं फूल हातात घेऊन नीट पाहा. पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी दिसेल. संस्कृतात पळसाला 'किंशुक' म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' त्या चोचीच्या आत पुंकेसर लपलेले असतात. शिंजीर पक्षी रसासाठी चोच खुपसतो, तेव्हा पाकळी दबते आणि पराग त्याच्या अंगाला लागतात.

आता रंगाची गंमत ऐका. मधमाशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. पक्ष्यांना मात्र तो छान दिसतो. म्हणून पळस, पांगारा, काटेसावर या लालभडक फुलांच्या झाडांवर पक्ष्यांची गर्दी असते. मोहाची फुलं फिकट रंगाची आणि उग्र वासाची. ती रात्री गळतात आणि तिथं वटवाघळं येतात. आंब्याच्या मोहोरावर तर साध्या माश्याही हे काम करतात. ज्यांना आपण हाकलतो, त्यांच्यामुळेच आपल्याला आमरस मिळतो!

एका बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट

टपालवाला आलाच नाही तर काय होतं? आइस्क्रीमला ज्याचा वास असतो तो व्हॅनिला म्हणजे एका वेलीची शेंग. ही वेल मूळची मेक्सिकोची. युरोपियन लोकांनी ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन लावली. वेल वाढली, फुललीसुद्धा. पण शेंगा काही धरेनात! कारण वेल आली, तिच्या ओळखीच्या माश्या मेक्सिकोतच राहिल्या.

१८४१ साली त्या बेटावरच्या एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं हे कोडं सोडवलं. बारीक काडीनं त्यानं फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग योग्य जागी दाबले. शेंग धरली! आजही व्हॅनिलाच्या मळ्यांत माणसं एकेका फुलाला हात लावून हेच काम करतात. मधमाशी जे काम सहज करते, ते माणसाला करायचं तर केवढी मजुरी लागेल, विचार करा.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातली ११५ महत्त्वाची अन्नपिकं तपासली होती. त्यांतल्या ८७ पिकांना फळ-बी धरताना कीटकांची आणि इतर प्राण्यांची कमीजास्त मदत होते, असं त्यात दिसलं.

अडचण कुठं आहे?

तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे तर सोयाबीन जास्त. त्याला माशी कशाला?" बरोबर आहे. सोयाबीन बहुतेक स्वतःचं स्वतःच भागवतं. पण कांद्याचं बी, सूर्यफूल, टरबूज, काकडी, कोहळं यांना माशी लागतेच. तुरीलाही तिची मदत होते.

आता मधमाशीच्या बाजूनं वर्षाचा हिशेब मांडू. पावसाळ्यात रानफुलं असतात. पुढे तूर फुलते. तूर निघाली की शिवारात गहू आणि हरभरा उरतो. गव्हाच्या फुलात मध नसतो. हरभऱ्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत आपलं काम उरकून घेतं. संत्र्याच्या बागा आंबिया बहारात फुलतात, पण बागा सगळीकडे नाहीत. मग कडक उन्हाळ्यापर्यंत मोहोळ जगतं ते झाडांवर. काटेसावर, पळस, पांगारा, मग कडुनिंब, जांभूळ, करंज आणि शेवटी बहावा. एकाची पंगत उठली की दुसऱ्याची बसते. मधलं एखादं झाड नाहीसं झालं, की तेवढे दिवस उपास!

आणि हीच झाडं धुऱ्यावरून नाहीशी होत आहेत. पालकहो, धुऱ्यावरच्या झाडाची सावली पिकावर पडते, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पण नाल्याचा काठ, विहिरीची बाजू, शाळेचं आवार, गावरस्ता इथं कुणाच्या पिकावर सावली पडत नाही. तिथं झाड राहू शकतं. पीक फुलात असताना औषध फवारायचं झालं, तर सकाळी न फवारता संध्याकाळी माश्या परतल्यावर फवारलं, तरी हजारो माश्या वाचतात. सातारा जिल्ह्यातलं मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून पुढं आलं. माशी सांभाळली तर गावाला चार पैसेही मिळतात, हे त्या गावानं दाखवलं.

कोणतं झाड कसं लावायचं?

पळस : त्याच्या चपट्या शेंगेत, म्हणजे पळसपापडीत, एकच बी असतं. उन्हाळ्यात ती गोळा करा. पळसाचं सोटमूळ खोल जातं, रोप हलवलेलं त्याला मानवत नाही. म्हणून पहिला चांगला पाऊस झाला की बी सरळ जागेवरच टोबा.

करंज : कारंजा गावाचं नाव करंज ऋषींवरून पडलं अशी आख्यायिका आहे. झाडाचं नावही करंजच! बी सहज उगवतं. सावली दाट, आणि फुलांवर माश्यांचा नुसता गुंजारव.

कडुनिंब : पाडव्याला आपण त्याचा फुलोरा खातो. निंबोळी मात्र साठवून ठेवू नका. तिची उगवायची ताकद काही आठवड्यांतच कमी होते. पिकून पडली की लगेच पेरा.

बहावा : बी टणक असतं. खरखरीत दगडावर जरा घासा, मग पेरा.

पांगारा आणि शेवगा : पावसाळ्याच्या तोंडाशी जाड फांदी खोचली तरी फुटते. कुंपणाला उत्तम.

पळस फुलायला बरीच वर्षं लागतात. तोवर काय करायचं? अंगणात तुळस आणि सूर्यफूल लावा. कोथिंबिरीच्या वाफ्यातल्या चार काड्या न उपटता फुलू द्या. त्या पांढऱ्या बारीक फुलांवर किती जण येतात ते मोजून पाहा. बोगनवेल रंगीत दिसते, पण तो रंग पानांचा असतो. खरं फूल इवलंसं, आणि माशीला तिथं फारसं काही मिळत नाही.

करून पाहा

कोहळ्याच्या वेलीवर दोन प्रकारची फुलं असतात. ज्या फुलाच्या खाली इवलंसं फळ दिसतं ते मादी फूल. उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्या शोधा. एकीवर संध्याकाळीच पातळ कापडाची पिशवी सैल बांधा. दुसरी उघडी ठेवा. ही फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून पिशवी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढा. आठ दिवसांनी दोन्ही फळं पाहा. कोणतं वाढलं, कोणतं पिवळं पडून गळलं, ते वहीत तारखेसह लिहा.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा

१. आग्या मोहोळाला दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही. आग्या माश्या थव्यानं हल्ला करतात. शाळेजवळ मोहोळ दिसलं तर मोठ्या माणसांना सांगा.

२. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि त्यात खडे टाका. खड्यांवर बसून माश्या पाणी पितात, बुडत नाहीत.

३. लावलेल्या रोपाला पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचं काम वाटून घ्या. बुंध्याशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते.

मुलांनो, येत्या उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या गावाला जाल, तेव्हा खिशात एक पिशवी असू द्या. पळसपापडी, करंजाच्या बिया, बहाव्याच्या शेंगा, जे मिळेल ते गोळा करा. पळसाला पानं तीनच, हे तर आपल्याला ठाऊकच आहे. पण त्याच्या फुलांवर पाहुणे किती येतात, ते अजून कुणी मोजलं आहे का तुमच्या गावात? तुम्हीच मोजा आणि वर्गात सगळ्यांना सांगा!