निवत्या लोखंडाची विद्या

हळदीचा हंगाम जवळ आला की हिंगोली जिल्ह्यातील वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर, ट्रॉल्या, हळदीचे पॉलिशढोल आणि हळद शिजविण्याचे कुकर यांची जी दाटी होते, तिची हकीकत आमच्या संपादकांच्या कानी आली होती. आणि तुटपुंज्या हत्यारांनिशी तेथे ज्या युक्तीने वाहने व अवजारे पुन्हा चालती केली जातात, तिचा परिचय वाचकांस करून द्यावा, अशी त्यांची सूचना होती. त्या निमित्ताने हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका पत्र्याच्या शेडमध्ये मी जाऊन बसलो.

हिंगोलीचा दप्तरी इतिहास छावणीपासून सांगितला जातो. निजामाच्या मुलखात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे येथे ठाणे होते. 1903 साली ते दल हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाले. 1948 च्या सप्टेंबरात निजामाचा अंमल संपला, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा होऊन हा पाच तालुक्यांचा जिल्हा अस्तित्वात आला. मोठी कारखानदारी येथे फारशी रुजली नाही. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु ती हळद शेतातून काढून, शिजवून, वाळवून, घासून बाजारात पोचविणारी यंत्रे मोडली, की शेतकऱ्याला आधार असतो तो अशा शेडचाच.

या शेडमधील सामग्री मोजकी आहे: एक ऐरण, एक शेगडा, वेल्डिंगचा जुना ट्रान्स्फॉर्मर, गॅसचे नळकांडे, ग्राइंडर, आणि भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले पाने. ज्या मिस्त्रींचे हे दुकान, ते साठीच्या घरातले गृहस्थ असून बोलण्यात अत्यंत कृपण आहेत. मी गेलो तेव्हा एका ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे हब त्यांच्यापुढे होते. त्यात बेअरिंगचा कप असा घट्ट बसला होता की त्याच्या मागे छिन्नी टेकविण्यापुरतीही कड उघडी नव्हती. घणाचे घाव घालावेत तर बिडाचे हब तडकणार, आणि ओढून काढावे तर पुलरच्या नखाला धरायला जागा नाही. मिस्त्रींनी हब मांडीशी घेतले, कपाच्या आतल्या अंगाने वेल्डिंगची एक सलग रेघ गोल फिरविली, रॉड बाजूला ठेवला आणि ते स्वस्थ बसले. शेतकरी उतावीळ झालेला पाहून ते एवढेच म्हणाले, “थोडं निवू द्या, दादा. आता काम तेच करतंय.” काही वेळाने त्यांनी हब उपडे करून लाकडी फळीवर हलकेच आपटले, आणि इतका वेळ हटून बसलेला तो कप आपसूक बाहेर घरंगळला.

या क्रियेमागील तत्त्व शालेय पदार्थविज्ञानाचेच आहे. पोलादाची लांबी तपमानाच्या दर अंशाला सुमारे एक कोटी भागांत 120 भाग इतकी बदलते. म्हणजे 80 मिलिमीटर व्यासाची कडी 100 अंशांनी निवाली तर ती जवळजवळ एक दशांश मिलिमीटर आखडते, आणि असे कप हबमध्ये जे दाटून बसविलेले असतात ते मिलिमीटरच्या काही शतांशांच्या फरकानेच. वेल्डिंगचा वितळलेला पट्टा निवताना आपल्याबरोबर कपालाही आत खेचतो. भोवतालचे हब मात्र फारसे तापलेले नसल्यामुळे आपले माप सोडीत नाही. हे गणित मिस्त्रींनी कागदावर कधी मांडले नसेल, पण ते त्यांच्या हाताला अवगत आहे, आणि त्याला केवळ खटपट म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

अशीच गोष्ट मोडलेल्या बोल्टची. इंजिनाच्या हेडमध्ये बोल्टाचे डोके तुटून बुंधा आत राहिला, तर ते त्यावर एक नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग भरतात, तो लालीवरून उतरला की त्याला मेणबत्ती टेकवितात, आणि वितळलेले मेण आट्यांच्या फटींत शोषले गेल्यावर पाना किंचित पुढे, किंचित मागे फिरवीत बुंधा बाहेर काढतात. घाई केली तर आटे जातात. फ्लायव्हीलच्या मध्यातील आंधळ्या भोकातली पितळी बुश काढताना ते ती ग्रीसने भरतात आणि तंतोतंत बसणारा दांडा त्यात घालून हातोडा मारतात. दाबलेल्या ग्रीसला जायला दुसरी वाट नसल्यामुळे ते बुशच्या मागे शिरून तिला बाहेर लोटते. बिडाच्या भागाला तडा असल्याची शंका आली तर तेथे रॉकेल लावून पुसून घ्यायचे आणि वर खडू फिरवायचा, म्हणजे आत मुरलेले रॉकेल झिरपून खडूवर तड्याची रेषा उमटविते. मग तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडायची, म्हणजे तडा तेथून पुढे सरकत नाही. बीड आधी तापवायचे, तुकड्या-तुकड्याने जोडायचे, प्रत्येक टाक्यावर हलक्या हातोडीने ठोकायचे, आणि शेवटी राखेत पुरून सावकाश निवू द्यायचे.

कमानीच्या पाट्यापासून केलेल्या छिन्नीला पाणी पाजतानाचे त्यांचे लक्ष मात्र पाहण्यासारखे होते. पोलाद पुरेसे तापले की नाही हे ते जुन्या स्पीकरचे चुंबक टेकवून पाहतात, कारण 770 अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला दाद देईनासे होते. त्याहून किंचित अधिक तापवून धार तेलात बुडवायची, घासून उजळ करायची, आणि मागच्या उष्णतेने तिच्यावर चढत जाणारे रंग पाहत राहायचे: प्रथम फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेशी पोचताच त्यांनी ती पुन्हा बुडविली. क्षणभर उशीर झाला असता तर निळा रंग येऊन धार मऊ पडली असती.

याच औंढा तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या असणार असून त्यांतील निर्वात नळ्यांच्या जोडांतून हवेचा लेशही आत जाता कामा नये. धातू जोडण्याच्या विद्येची ही दोन टोके एकाच तालुक्यात नांदावीत, याचे मला राहून राहून नवल वाटते.

परंतु या कौतुकाला एक भय चिकटलेले आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण साठलेले असते. मिस्त्री ती धुऊन, काठोकाठ पाण्याने भरून, वेल्डिंगपुरतीच जागा मोकळी ठेवतात, पण सगळीकडे हे पाळले जातेच असे नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरते, आणि काचेविना ठिणगी पाहणाऱ्या पोरांचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपतात.

सर्वांत मोठी काळजी हळदीच्या कुकरची. ट्रॉलीवर बसविलेल्या बॉयलरमध्ये लाकडांच्या जाळावर वाफ करून ती हळदीच्या पिंपांत सोडतात. पिंपाचे तोंड मोकळे असेतो प्रश्न नाही. नळी तुंबली किंवा कॉक बंद राहिला की सारा भार जोडांवर येतो. दर चौरस सेंटिमीटरला केवळ एक किलो दाब धरला, तरी 60 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर सुमारे 2,800 किलोंचा रेटा पडतो. एवढ्या रेट्यापुढे सपाट पत्र्याच्या कडेला मारलेला एकेरी टाका किती टिकावा? 1923 चा बॉयलर कायदा, आणि 2025 मध्ये त्याची जागा घेणारा नवा कायदा, यांनी तपासणीची चौकट घालून दिली आहे. मात्र 25 लिटरांहून कमी क्षमतेची किंवा एक किलोहून कमी दाबासाठी आखलेली भांडी तिच्याबाहेर राहतात. म्हणून आखणी कमी दाबाची म्हणायची आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी एखादा प्लग ठोकायचा, ही पळवाट प्राणघातक आहे.

मिस्त्री स्वतः व्हॉल्व्हशिवाय बॉयलर हाती घेत नाहीत. दुरुस्त केलेला बॉयलर ते पाण्याने पूर्ण भरतात, हवा काढून टाकतात, आणि हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब देऊन प्रत्येक जोड बोटाने चाचपतात. पाणी जवळजवळ दबत नसल्यामुळे जोड उकलला तरी पाझर फुटतो, स्फोट होत नाही. या चाचणीला अर्धा दिवस मोडतो, आणि तिचे वेगळे पैसे द्यायला गिऱ्हाईक राजी नसते. काही जण तेवढ्यासाठी पुढच्या दुकानी जातात. डिसेंबरात, हळद निघण्यापूर्वी, असा एक पंप आणि एक दाबमापक तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या किंवा बाजार समितीच्या आवारात ठेवला, आणि चाचणी विनामूल्य केली, तर हा अर्धा दिवस कोणाच्याच खिशाला जड जाणार नाही. त्यासाठी लागणारा माणूस शोधायला जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही.